एसी गार, पण हवाच येईना – माझा अनुभव

मे महिन्यात नागपूर-अमरावती रोडवर एसीने दगा दिला तर काय होतं ते इकडच्या लोकांना सांगायला नको. आमच्या गाडीत निघताना सगळं मस्त, आणि तासाभराने हवा कमी कमी होत जायची, ब्लोअर चारवर, आवाज भरपूर, पण जाळीतून हवा नावालाच. मागून बाबा, "अरे इकडे हवाच येऊन नाही राहिली." जी येत होती ती मात्र थंडगार होती, सगळी गोम तिथेच.

कोंढाळीला चहाला थांबलो, परत निघालो तर एसी एकदम झकास, आणि गाडी उभी होती तिथे खाली हे एवढं पाणी. एसीचं पाणी टपकतंच, पण इतकं नाही. म्हणजे आत कूलिंग कॉइलवर बर्फ धरत होता, त्याने हवेची वाट बुजायची आणि थांबलं की वितळायचा.

गॅरेजवाल्याने न बघताच सांगितलं, गॅस कमी आहे, भरून टाकू. आता गॅस कमी असला तरी कॉइल गोठू शकते हे खरंय, म्हणून भांडलो नाही, म्हटलं भाऊ आधी गेज तर लावा. लावलं, दोन्हीकडचं प्रेशर बरोबर निघालं. गॅस काही पेट्रोल नाही वापरून संपायला, लीक असेल तरच कमी होतो.

मग घरी ग्लोव्ह बॉक्स उतरवला, दोन्ही बाजू आत दाबल्या की खाली येतो, मागेच एसी फिल्टर. काय नव्हतं त्यात, काटेसावरीचा कापूस, कडुनिंबाची पानं, रस्त्याची धूळ, सगळं मिळून नुसती गादी झालेली. फिल्टर न लावता ब्लोअर चालवून पाहिला तर हवा तिथल्या तिथे वाढली. (ज्यांचा ब्लोअर फक्त शेवटच्या स्पीडलाच चालतो त्यांनी फिल्टरच्या मागे लागू नका, तो रेझिस्टर (ब्लोअरचा वेग कमी करणारा भाग) गेलेला असतो, शेवटच्या स्पीडला करंट त्याच्यातून जातच नाही म्हणून तेवढा एकच चालतो.) नवीन फिल्टर बाणाची दिशा बघून बसवला.

पण पुढच्या लांबच्या प्रवासात परत तेच, फक्त जरा उशिरा. आता संशय एकच, कॉम्प्रेसर (एसीचा गॅस दाबणारा पंप) मधेमधे बंद, म्हणजे कट, होत नसणार. भर उन्हात हे कळत नाही कारण तेव्हा तो तसाही सतत चालतो, म्हणून पहाटे काचा बंद, फॅन एकवर, रिसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणारं बटण) लावून बसलो. कॉइल शून्याजवळ आली की सेन्सरने कॉम्प्रेसर बंद करायचा असतो, टक असा आवाज येतो. कितीही वेळ बसलो तरी टक नाही ते नाहीच.

एसीच्या कारागिराने सेन्सर काढून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि मल्टिमीटर लावला. गार झाल्यावर रेझिस्टन्स वाढायला पाहिजे, आकडा ढिम्म. सेन्सर स्वस्त, मजुरीच जास्त, कारण तो कॉइलच्या पत्र्यांत खोचलेला असतो आणि हात घालायला जागा नसते. एवढं उघडलंच होतं तर कॉइल पण फोमने धुवून घेतली. तुम्ही धुणार असाल तर ड्रेनची नळी मोकळी आहे ना ते आधी बघा, नाहीतर सगळं काळं पाणी डाव्या सीटच्या मॅटखाली.