कळसदर्शन

आमच्या घरात वारीच्या आठवणी पुष्कळ सांगितल्या जातात. पणजोबा, ज्यांना सगळे तात्या म्हणत, माऊलींच्या पालखीत रथामागच्या एका दिंडीचे विणेकरी होते. पेरणी अर्धी टाकून ते आळंदी गाठत आणि एका वर्षी तर अंगात ताप असताना त्यांनी दिवे घाट चढला होता. पणजीचा, म्हणजे मोठ्या आईचा, उल्लेख मात्र या साऱ्यांत एका वाक्यापुरताच येई: ती कळसाचेच दर्शन घेई, कारण तिला गर्दी सोसत नसे. आषाढीला हजारो वारकरी चंद्रभागेचे स्नान आणि नगरप्रदक्षिणा उरकून, कळसाला हात जोडून परततात, त्यामुळे या वाक्यात कुणाला कधी काही वावगे वाटले नाही.

यंदा मी आत्याबरोबर चाललो. तिचे वय सत्तरीच्या पुढचे आहे, पण चालण्यात ती मला मागे टाकत होती. पुण्याहून सासवडची वाटचाल सर्वांत लांबची, त्यात एकादशीचा उपवास आणि शेवटी घाट. घाटाच्या पायथ्याशी दिंडीत चोखोबांचा अभंग लागला, उसाच्या डोंगेपणाचा, तेव्हा आत्या टाळ थांबवून म्हणाली, “हा अभंग आला की अण्णा वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घालायचे.” अण्णा म्हणजे माझे आजोबा, तात्यांच्या मागे विणेकरी झालेले. वीणा जमिनीवर टेकवायची नसते. ती एकमेकांच्या पाया पडून एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. दिंडीतल्या अभंगांचा क्रम ठरलेला असल्यामुळे अण्णांना तो अभंग टाळता येत नसे, एवढी वाट मात्र मोकळी होती.

सासवडला पालखी दोन रात्री थांबते. दुसऱ्या दिवशी राहुटीत पायांना तेल लावत बसलो असताना आत्याने उरलेले सांगितले. मे 1947 मध्ये साने गुरुजींनी विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केले, आणि त्यानंतर मंदिर खुले झाले. तात्यांना ते मान्य नव्हते. वारी त्यांनी सोडली नाही. आळंदी ते पंढरपूर वीणा गळ्यात घेऊन ते पूर्वीसारखेच चालत, चोखोबांचे अभंग पूर्वीसारखेच गात, पौर्णिमेला गोपाळपूरचा काला घेऊन परतत. देवळात मात्र त्यांनी पाऊल ठेवले नाही, आणि मोठ्या आईलाही ठेवू दिले नाही. ज्या चोखोबांना हयातीत आत जाता आले नाही आणि मंगळवेढ्यात गावकूस कोसळून मृत्यू आल्यावर ज्यांची समाधी महाद्वारापाशी झाली, त्यांच्याच समाधीपाशी उभे राहून मोठी आई नामदेव पायरीवर डोके टेकवी आणि मागे फिरे. “विठोबाच्या पायांवर डोकं ठेवायची सवय होती तिला,” आत्या म्हणाली. “मी लहान होते तेव्हा ती मला देवाची पावलं कशी गार लागतात ते सांगायची. आठवणीतलं सांगतेय हे मला तेव्हा काय कळणार?”

तात्या वारले तेव्हा अण्णा कर्ते झाले होते. आईला आत नेण्यापासून त्यांना अडवणारे कुणी उरले नव्हते, तरीही पुढची काही वर्षे त्यांनी नेले नाही. वडिलांचा शब्द मोडल्यासारखे होईल, भावकी काय म्हणेल, असे काहीसे त्यांच्या मनात असावे. अखेर एका आषाढीला त्यांनी विचारले, तेव्हा पाय सुजले होते म्हणून ती “पुढच्या साली जाऊ” म्हणाली आणि त्याच हिवाळ्यात गेली. त्यानंतर अण्णाही कधी आत गेले नाहीत. गर्दीचे वाक्य घरात त्यांनीच रुजवले. तात्यांना मी कर्मठ म्हणून मोकळा होऊ शकतो, कारण त्यांचा हट्ट उघड होता आणि त्याची किंमत कुणाला मोजावी लागते याचा त्यांनी विचारच केला नाही. अण्णांचे तसे नाही; त्यांना सारे कळत होते.

वाल्ह्याच्या मुक्कामी समाजआरतीला उभे होतो. चोपदार दंड उंचावतात आणि एवढ्या मोठ्या तळावर एकदम शांतता होते. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचे टाळ मात्र वाजत राहतात आणि चोपदार जाऊन विचारपूस करीपर्यंत थांबत नाहीत. त्या दिवशी रथापुढच्या कुठल्याशा दिंडीने असे टाळ वाजवले. आत्या त्या दिशेला पाहत म्हणाली, “मोठ्या आईनं टाळ वाजवले असते, तर तिच्याकडे कोण चोपदार येणार होता?”

नीरेत माऊलींच्या पादुकांना स्नान झाले की पालखी आमच्या सातारा जिल्ह्यात येते. लोणंदला बाबा भाकरी आणि ठेचा घेऊन भेटायला आले. मी विषय काढल्यावर ते बराच वेळ फडक्याची गाठ सोडत राहिले. अण्णा त्या अभंगाला वीणा का देतात, असे त्यांनीही एकदा विचारले होते आणि गळा बसतो असे उत्तर मिळाले होते. ते उत्तर खरे नाही हे त्यांना कळले होते, पण पुन्हा विचारले नाही. ही गोष्ट मुलांना सांगू नये असे त्यांचे मत पडले. आत्याने त्यांना उत्तर दिले नाही, फक्त दुसरी भाकरी मागून घेतली.

पंढरपुरात एकादशी झाल्यावर आत्याने पदस्पर्श दर्शनाची रांग धरली. मुखदर्शन घे, असे दिंडीतल्या बायकांनी परोपरीने सांगितले. तिने ऐकले नाही. रात्र रांगेत गेली. गाभाऱ्यात डोके टेकवायला क्षणभर मिळाले आणि मागच्यांच्या रेट्याने आम्ही बाहेर आलो. मोठ्या आईचे राहिलेले तू केलेस, असे मी म्हणालो, तेव्हा ती म्हणाली, “तिचं नाही, अण्णांचं केलं. ती पायरीवरूनच पोचलेली होती. आत जायचं राहिलं होतं ते अण्णांचं.”

मला हे पटलेले नाही. अण्णांची टोचणी आत्याने लेक म्हणून डोळ्यांनी पाहिली होती, म्हणून ती तिला मोठी वाटते. मोठ्या आईला काय वाटत होते, हे तात्यांनी विचारले नाही आणि अण्णांनी विचारले ते फार उशिरा. आता ती समाधानी होती असे आपणच ठरवणे मला त्याच माळेतले वाटते. गोपाळपूरच्या वाटेवर आमचा यावरून थोडा वाद झाला. पुढच्या आषाढीला बाबांना घेऊन यायचे, एवढ्यावर मात्र आमचे एकमत झाले. ते आत येतील की नाही, हे त्यांनी अजून सांगितलेले नाही.