रबरच बरं : डॅट्सन २४० झेडचे टीसी रॉड बुश

ब्रेक दाबला की पुढून एक ‘ठक्’. सोडून पुन्हा निघालं की दुसरा, जरा हलका. जोरात ब्रेक मारला तर स्टिअरिंग उजवीकडे ओढायचं. एवढं सांगितलं तर कोल्हापूरच्या उद्यमनगरातला कुठलाही मिस्त्री गाडी न बघताच म्हणेल, “बुश गेलंय.” आणि त्याचं बरोबरच असेल. बुश म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यात बसणारी रबराची गादी. कुठलं बुश, एवढंच शोधायचं राहतं.

गाडी १९७२ सालची डॅट्सन २४० झेड. डॅट्सन म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर येते ती २०१४ ला आलेली छोटी डॅट्सन गो. हिचं तिच्याशी नावापलीकडे काही नातं नाही. लांब नाक, दोन सीट, २३९३ सीसीचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन, दोन कार्बुरेटर. अमेरिकेत ती आली तेव्हा किंमत साडेतीन हजार डॉलरच्या आसपास होती, आणि त्या पैशांत तोवर अशी गाडी मिळत नव्हती. आफ्रिकेतली सफारी रॅली हिनं १९७१ ला जिंकली आणि १९७३ ला पुन्हा. दुसऱ्या वेळी चालवत होता युगांडात जन्मलेला शेखर मेहता. माझी गाडी मात्र रॅलीतली नाही. कोरड्या हवेच्या राज्यातून आणलेली आहे, कारण इथे डेट्रॉईटकडे हिवाळ्यात रस्त्यावर इतकं मीठ पडतं की त्या काळातला जपानी पत्रा शिल्लक सापडणं म्हणजे नशीबच.

आता सस्पेन्शनबद्दल थोडं, नाहीतर पुढचं कळणार नाही. पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट आहेत, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर एकत्र असलेले उभे खांब. हा अर्ल मॅकफर्सन आमच्याच गावात, जनरल मोटर्समध्ये एका छोट्या शेव्हरोलेवर काम करत होता. कंपनीनं तो प्रकल्प गुंडाळला, तेव्हा तो फोर्डमध्ये गेला आणि त्याची कल्पना तिथे रस्त्यावर आली. स्ट्रट चाकाला वर-खाली सांभाळतो. खालचा आर्म चाकाला आत-बाहेर जाऊ देत नाही. पण झेडचा हा खालचा आर्म म्हणजे एकच आडवी पट्टी, आतल्या टोकाला एकाच बोल्टावर फिरणारी. ब्रेक मारल्यावर रस्ता चाकाला मागे ढकलतो, तेव्हा त्याला अडवायचं कुणी?

मारुती ८०० मध्ये हे काम स्टॅबिलायझर बार करतो. ज्यांनी ती गाडी वापरली त्यांनी ‘स्टॅबिलायझरचे बुश’ या नावाखाली गॅरेजला पैसे मोजले असतील. झेडमध्ये त्यासाठी वेगळा रॉड आहे. आर्मपासून निघून तो मागे जातो आणि चेसिसच्या एका ब्रॅकेटमधून आरपार निघतो. ताणही घेतो, दाबही घेतो, म्हणून टेन्शन-कॉम्प्रेशन रॉड, थोडक्यात टीसी रॉड. ब्रॅकेटच्या पुढे एक रबर, मागे एक रबर, दोन्हीकडे खोलगट वॉशर आणि शेवटी नट. ब्रेक लागला की रॉड मागे रेटला जातो आणि पुढचं रबर दबतं. रिव्हर्समध्ये ब्रेक मारला की मागचं.

पण रॉड फक्त पुढे-मागे होत नाही. चाक खड्ड्यात गेलं की आर्म हलतो, त्याच्याबरोबर रॉडचं एक टोक वर-खाली होतं, आणि ब्रॅकेटमधलं टोक तिथल्या तिथे तिरकं व्हायला बघतं. म्हणजे रबराला रॉड अडवायचाही आहे आणि तिरका होऊही द्यायचा आहे. सगळा घोळ इथे आहे. त्याच्याकडे पुन्हा येते.

निदानासाठी मी रॉडवर आणि ब्रॅकेटवर पांढऱ्या रंगाचे ठिपके दिले, प्लॅस्टिकच्या पट्टीनं फोन खाली बांधला आणि नवऱ्याला गाडीत बसवलं. “सोड. थोडी पुढे. दाब. आता रिव्हर्स. दाब.” तिसऱ्या दाबाला त्याला शंका आली. “खाली फोन कुणाचा आहे?” “तुझा. दाब.” व्हिडिओत डाव्या बाजूचे ठिपके जेमतेम हलत होते. उजवीकडे मात्र रॉड ब्रॅकेटमध्ये सरळ मागे घुसत होता आणि मागच्या वॉशरखाली फट उघडून पुन्हा बंद होत होती. तोच आमचा ‘ठक्’. ब्रेक मारल्यावर उजवं चाक डाव्यापेक्षा मागे जात असेल तर गाडी सरळ कशी थांबेल?

काढताना क्रम महत्त्वाचा. आधी मागच्या टोकाचा नट सैल करायचा, मग आर्मवरचे दोन बोल्ट. उलट केलंत तर रॉड नटाबरोबर गरगर फिरत बसतो आणि तुम्ही पाना धरून शिव्या देत बसता. नटाबाहेर आलेले आटे आधी तारेच्या ब्रशनं लख्ख घासायचे, नाहीतर नट निघताना तोच गंज आट्यांत ओढत नेतो. आदल्या रात्री गंज सुटायचं तेल मारून ठेवलं, सकाळी पुन्हा मारलं. डावा नट पान्याला पाईप लावून ‘कर्र’ करत सुटला. उजवा लोण्यासारखा आला. अगदी आपसूक.

उजवा इतका सहज का आला, ते बुश हातात आल्यावर कळलं. या इंजिनाचा ऑइल फिल्टर उजवीकडे आहे. पन्नास वर्षांत दर वेळी फिल्टर बदलताना चार थेंब खाली गेले, ते वाऱ्यानं मागे पसरले आणि रॉडवरून बुशपर्यंत पोचले. नैसर्गिक रबर खनिज तेल पितं, फुगतं आणि मऊ होतं. त्या बुशात अंगठ्याचं नख रुतलं, आणि काढल्यावर नखाखाली काळा, चिकट लगदा. कडा बाहेर लोंबलेल्या, मधलं भोक लांबट झालेलं. डावीकडच्या बुशाला तेल लागलं नव्हतं, म्हणून ते वयानं गेलं होतं. दगडासारखं कडक, वर चकाकी, सभोवती बारीक भेगा. नख सोडा, स्क्रू-ड्रायव्हरचं टोकही उमटेना. दोन्ही बाद, पण एक विरघळून आणि एक वाळून.

नवीन काय घालायचं यावरून धाकट्या भावाशी वाजलं. त्याचं उद्यमनगरात लेथचं शॉप आहे आणि सगळ्या गोष्टींवर मतं आहेत. “ताई, रबर कशाला घालतीस परत? पॉलीयुरेथेन घाल आणि मोकळी हो की. तेलाला भीत नाही, दबत नाही, जन्माचं काम होतंय.”

पॉलीयुरेथेन म्हणजे रबरापेक्षा कडक प्लॅस्टिक. तेलाबद्दल तो बरोबर आहे. ‘दबत नाही’ हाच तर त्रास आहे. कडक बुश रॉडला पुढे-मागे जाऊ देत नाही, चांगलं. पण तिरकंही होऊ देत नाही. मग दर खड्ड्याला रॉड वाकायला बघतो, आणि वाकतो कुठे? जिथे जाडी बदलते आणि आटे सुरू होतात त्या खाचेत. एकदा वाकल्यानं काही होत नाही. हजारो वेळा इकडून तिकडे वाकला की बारीक भेग पडते, ती आत सरकत राहते आणि एक दिवस रॉड तुटतो. लोखंडाचा हा थकवा कॉलेजात आलेख काढून शिकवतात. तार इकडून तिकडे वाकवून तोडली असेल तर आलेख लागत नाही. आणि टीसी रॉड तुटायचा तर बहुतेक ब्रेक मारतानाच, कारण तेव्हाच त्याच्यावर जोर सगळ्यात जास्त. चाक मागे जाऊन मडगार्डला टेकतं, गाडी त्या बाजूला वळते. झेडवाल्यांमध्ये दोन्हीकडे पॉली घातल्यावर रॉड तुटल्याचे किस्से बरेच आहेत.

मधला मार्ग म्हणून बरेच जण पुढे पॉली, मागे रबर घालतात. ब्रेकचा दाब पुढचं बुश घेतं, तिरकं व्हायची मुभा मागचं देतं. तर्क बरोबर आहे. ट्रॅकवर गाडी नेणारे सरळ गोल बॉलचा जोड बसवतात, म्हणजे तिरकं व्हायला पूर्ण मोकळीक आणि पुढे-मागे शून्य. पण त्यात रस्त्याचा प्रत्येक खडा स्टिअरिंगमध्ये येतो, आणि धूळ-मीठ गेलं की तो जोडही खडखडायला लागतो. मी दोन्हीकडे रबर घातलं. मिशिगनचे रस्ते दर वसंतात गोठून-वितळून फुटतात, आणि ही गाडी मी रस्त्यावरच चालवते. रबर दहा-पंधरा वर्षांनी बदलावं लागेल. लागू दे. रॉड मिळवण्यापेक्षा बुश मिळवणं सोपं आहे. भावाला हे पटलेलं नाही. “मग तो फिल्टर तरी नीट काढत जा,” म्हणाला. हे मात्र ऐकलं. आता फिल्टर सैल करण्याआधी खाली जुना ट्रे आणि रॉडवर प्लॅस्टिक.

गाडी उचललेलीच होती म्हणून आर्मच्या आतल्या टोकाचे बुशही बदलले. ते जुने काढणं हे घामाचं काम, त्यात सांगण्यासारखं काही नाही. बाहेरची नळी करवतीनं आतून कापायची आणि आर्मला चरा पडू द्यायचा नाही. पण बसवतानाची एक गोष्ट लोक टाळतात. या बुशाचं रबर आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही नळ्यांना चिकटवलेलं असतं. आर्म फिरतो म्हणजे काही घसरत नाही, रबर पिळलं जातं. चाक हवेत लोंबत असताना बोल्ट आवळला तर ते रबर लोंबत्या स्थितीत कायम होतं, आणि गाडी खाली ठेवल्यावर पिळलेल्या अवस्थेतच राहतं. मग नवं बुश दोन हिवाळ्यांत फाटतं आणि दोष मालाला जातो. म्हणून बोल्ट आधी हातघट्ट, चाकं लावून गाडी जाड लाकडी ठोकळ्यांवर टेकवायची, पुढून दाबून दोनदा हलवायची, आणि मग खाली सरपटत जाऊन टॉर्क रेंच. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही जाऊ नये, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगते.

अलाइनमेंट केल्याशिवाय लांब नेली नाही. नव्या रबराची जाडी जुन्या चेपलेल्याइतकी नसतेच, त्यामुळे रॉड पुढे-मागे बसतो आणि कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा पुढे-मागे झुकण्याचा कोन, बदलतो. थोडं चालवून नट पुन्हा तपासले, डावा किंचित घेतला.

‘ठक्’ गेला. ब्रेक मारून हात सोडले तरी गाडी सरळ थांबते. ताशी ५५-६० मैलांना स्टिअरिंगमध्ये येणारी थरथर मात्र तशीच आहे. ती बुशांची नव्हतीच. आधी चाकं बॅलन्स करून बघणार, मग रिमचा बाक मोजणार, आणि तरीही राहिली तर स्टिअरिंग रॅकच्या रबरांकडे वळणार. तिथेही पॉलीच घाल असं भाऊ म्हणतोय, आणि रॅक काही तिरका होत नसल्यामुळे या वेळी त्याचं ऐकायचा विचार आहे.