लाल स्टिकर लागल्यावर

पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत 'वार खाली आहे' असं निघालं. वार म्हणजे पोटात बाळाला रक्त पुरवते ती. आशाताई म्हणाली, "बऱ्याच जणींची नंतर वर सरकते, पण आठव्यात परत बघायचंच." माझं पहिलं बाळंतपण सिझरचं, म्हणून ती जास्त मागे लागली.

आठव्या महिन्यात नऊ तारखेच्या तपासणीला ग्रामीण रुग्णालयात गेले. वार गर्भपिशवीचं तोंड झाकून, जुन्या टाक्यांवरच बसलेली. डॉक्टर मॅडमनी कार्डावर जोखमीचा लाल स्टिकर लावला आणि यांना आत बोलावलं. वार जुन्या व्रणात रुतली असेल तर सुटत नाही, रक्त थांबत नाही, कधी पिशवीच काढावी लागते, हे त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं.

सासूबाईंचं म्हणणं, पहिलं बाळंतपण झालं त्याच खाजगी दवाखान्यात जाऊ, घराजवळ आहे. तिथले डॉक्टरही हो म्हणाले. मी तीन गोष्टी विचारल्या. रात्री भूल देणारे डॉक्टर? "फोन केला की येतात." रक्त? "जिल्ह्याहून आणावं लागेल." बाळाला काचेची पेटी? नाही. हे ऐकून सासूबाईच उठल्या.

मॅडमनी नुसती चिठ्ठी नाही दिली, माझ्यासमोर मेडिकल कॉलेजला फोन लावला. माझ्या मते खरं काम त्या फोनने झालं. चिठ्ठी घेऊन दारोदार फिरलेल्या बाया मी पाहिल्यात. "कळा सुरू व्हायची वाट बघू नका, आत्ताच शहरात राहायला जा," असं त्यांनी बजावलं. चार दिवसांत मी मावशीकडे गेले.

आठवड्याभरात पहाटे दोनला अंथरूण ओलं लागलं. दिवा लावला तर रक्त. दहा मिनिटांत वॉर्डात होते. रक्तस्राव थांबला, बाळाच्या फुफ्फुसांसाठी इंजेक्शनं दिली आणि मला तिथंच ठेवून घेतलं. पस्तिसाव्या आठवड्यात, दिवसाउजेडी, सगळी तयारी करून सिझर. वार थोडी रुतली होतीच. रक्ताच्या चार पिशव्या लागल्या, पण पिशवी वाचली. मुलगी 2 किलो 100 ग्रॅमची, नऊ दिवस पेटीत.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे ऑपरेशन, औषधं, रक्त, जेवण, कशाचेही पैसे पडले नाहीत. घरी सोडायलाही 102 ची गाडी. फाट्यावर आशाताई उभी होती. बाळाकडे बघायच्या आधी तिनं माझी खालची पापणी ओढून पाहिली, किती फिकट आहे ते.