पडून राहिलेली चेतक आणि पडून राहिलेली आठशे

बजाज चेतक १९७२ची, मारुती ८०० डिसेंबर १९८३ची. एक १४५ सीसीची टू-स्ट्रोक स्कूटर, दुसरी ७९६ सीसीची तीन सिलिंडरची मोटार. चार-पाच वर्षं शेडमध्ये पडून राहिल्या की दोघींची दुखणी वेगळी. चेतक बोंब मारून सांगते, आठशे दडवून ठेवते.

चेतकच्या पेट्रोलमध्येच ऑइल असतं, लिटरमागे २० मिली. पेट्रोल उडून जातं आणि मागे उरलेला चिकट थर कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जाण्याच्या बारीक भोकात बसतो. स्कूटर तिरकी करून कितीही किका मारा, तो निघत नाही. जेट काढून हवा मारा, पण तार घालू नका, भोक मोठं होतं.

खरी मेख क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याच्या) दोन ऑइल सीलमध्ये, म्हणजे रबरी कड्यांमध्ये आहे. मॅग्नेटकडची सील वाळली की बाहेरची हवा आत शिरते, रेस आपोआप चढते, प्लग पांढरा पडतो. तशीच दामटली तर पिस्टन जाम. क्लचकडची गेली तर गिअर ऑइल क्रँककेसमध्ये ओढलं जातं आणि मागे पांढरा लोट निघतो. त्यामुळे धूर दिसला म्हणून लगेच पिस्टनच्या नव्या रिंगा टाकू नका, आधी गिअर ऑइल काढून मोजा. भरताना २५० मिली असतं. बरंच कमी निघालं आणि खाली गळतीचा डाग नसेल, तर सीलच गेली. (टायर काढताना आधी सगळी हवा सोडा. रिम दोन तुकड्यांची आहे. हवा असताना जोडाचे नट सैल केले तर तुकडा अंगावर येतो.)

आठशेत पाणी आणि रबर बघायचं. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल पंप इंजिनालाच बसवलेला असतो. त्याचा डायफ्राम (आतला पातळ पडदा) फाटला की पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, वर काहीच दिसत नाही. डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला आणि ऑइलची पातळी वाढलेली असली तर इंजिन फिरवूच नका. जुने पाइपही बदला, हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलात जुनं रबर फुगतं. टायमिंग बेल्ट किलोमीटर न बघता नवाच टाका.

हेड गास्केटची (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पॅकिंगची) परीक्षा सोपी: गाडी थंड असताना रेडिएटरचं झाकण काढा, इंजिन चालू करा. पाण्यात बुडबुडे थांबतच नसतील तर गास्केट गेलं. ॲल्युमिनियमचं हेड तापून वाकलेलं असू शकतं, म्हणून फेसिंग, म्हणजे हेडची बसणारी बाजू सपाट आहे का, हे तपासल्याशिवाय नवं गास्केट बसवणं म्हणजे पैसे पाण्यात.

पहिल्यांदा चालू करताना मात्र दोघींना एकच नियम. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा आणि तासभर थांबा. चेतकला स्विच बंद ठेवून हळू दहा किका. आठशे न्यूट्रलला घेऊन क्रँकच्या पुलीचा बोल्ट पान्याने दोन फेरे फिरवा. कुठे अडकली तर जोर लावू नका. मोकळी फिरली तरच सेल्फ.