क्ष² आणि क्ष³ यांच्या बेरजेत अडकलेले दोन महिने : माझा अनुभव

सतरा नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा अर्ज) भरून दहावीला बसायचे ठरवले, तेव्हा माझी शाळा सुटून १९ वर्षे झाली होती. अर्ज, शुल्क, पुस्तके हे सारे आठवड्याभरात आटोपले. अडले ते गणित भाग १ मध्ये, आणि तेही वर्गसमीकरणांपर्यंत पोहोचण्याआधीच, बैजिक राशींच्या, म्हणजे क्षसारखी अक्षरे असलेल्या राशींच्या, बेरजेत.

पाया (येथे क्ष) समान असेल तर गुणाकारात घातांकांची (त्याच्या डोक्यावरच्या लहान अंकांची) बेरीज होते, म्हणून क्ष² × क्ष³ = क्ष⁵, हा नियम मला पाठ होता. तोच मी बेरजेलाही लावत होते आणि क्ष² + क्ष³ याचे उत्तर क्ष⁵ असे लिहीत होते. शिकवणीच्या सरांना कारण विचारले, तर "ही विजातीय पदे आहेत, यांची बेरीज होत नाही" एवढेच ऐकायला मिळाले; विजातीय म्हणजे घातांक वेगवेगळे असलेली. का होत नाही, हे तीनदा विचारूनही कळले नाही. त्या उत्तराचा राग अजून गेलेला नाही, कारण त्यापायी माझे दोन महिने गेले.

स्वतःच ताळा करून पाहिला, तर त्याने अधिकच फसवले. क्ष + क्ष = क्ष² हे चुकीचे उत्तर मी क्ष = २ घेऊन तपासले होते; दोन अधिक दोन चार आणि दोनाचा वर्गही चारच, त्यामुळे माझीच रीत बरोबर आहे अशी माझी खात्री झाली. ताळ्यासाठी ०, १ आणि २ या संख्या कधीही घेऊ नयेत, हे मी कळकळीने सांगते.

एका रात्री क्षच्या जागी १० घेतले. १०० अधिक १००० म्हणजे ११००, आणि माझे उत्तर मात्र १,००,०००! लाख हा तर शंभर आणि हजार यांचा गुणाकार होता. तेव्हा उमगले की घातांक म्हणजे शतक, हजार यांसारखे घर आहे आणि सहगुणक (क्षच्या आधी लिहिलेला अंक) म्हणजे त्या घरातली संख्या. ३ शतके आणि ५ शतके मिळून ८ शतके होतात, तसेच ३क्ष² + ५क्ष² = ८क्ष²; बेरजेत घर बदलत नाही, ते गुणाकारात बदलते. फरक इतकाच की येथे हातचा नसतो, १२क्ष² हे १२क्ष² च राहते.

त्यानंतर सरळरूप देणे चार दिवसांत जमले. मात्र कंसाआधी वजा चिन्ह असेल तर आतील प्रत्येक पदाचे चिन्ह बदलावे : ५क्ष² − (२क्ष² − ३क्ष) = ३क्ष² + ३क्ष. भाग १ मध्ये मी उत्तीर्ण झाले, याचा मला मनापासून अभिमान आहे.

आणखी एक सांगायचे राहिले, ते बेरीज करण्याच्याही आधी पाहावे : (२क्ष)³ म्हणजे २क्ष³ नव्हे, तर ८क्ष³, कारण कंसाबाहेरचा घात आतल्या २ लाही लागतो.