शेकहँड येत नाही, लिफ्ट येते

गुरुवार, रात्री उशिरा

आज चिंगी, नवीन घर मिळेपर्यंत माझ्याकडे असलेली कुत्री, लिफ्टने खाली गेली आणि वर पण आली, मध्ये तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा दुधाच्या पिशव्या घेऊन चढले तरी कोपऱ्यात गप उभी राहिली. मला पेढे वाटावेसे वाटले. आई म्हणाली, लिफ्टमध्ये चढली यात काय एवढं कौतुक, सगळं जग चढतं. आता आईला काय सांगू, हिचा जन्म बांधकामाच्या साइटवरचा, वाळूच्या ढिगाऱ्यावर झोपणारी बाई, तिने दार, जिना, गुळगुळीत फरशी यातलं काहीच बघितलेलं नाही.

लिफ्ट अशी एका दिवसात येत नाही. आधी नुसतं लिफ्टसमोरच्या पॅसेजमध्ये बसायचं, उकडलेलं चिकन खायचं (मीठमसाला नाही, कांदा-लसूण तर अजिबातच नाही) आणि घरी परत. मग दार उघडं असताना. मग पुढचे दोन पाय आत, मग चारी आत पण लिफ्ट जागेवरच, मग एकच मजला. आमची लिफ्ट जुनी, जाळीचं दार खडाम्म करून लागतं, आणि खरी भीती त्या खडाम्मचीच होती, लिफ्ट हलण्याची नव्हतीच. वॉचमनकाका बिचारे दार हाताने धरून हळू लावायचे, आणि खालून लोक बटणं दाबून दाबून बोंबलायचे.

आणि मग फोन येतात ॲडॉप्शनसाठी. पहिला प्रश्न काय, तर शेकहँड देते का? सिट करते का? अहो ते घरी गेल्यावर शिकवा की, निवांत, तुमचाही वेळ जाईल. मी जे शिकवते ते रीलमध्ये टाकण्यासारखं नाहीये. कुकरची शिट्टी झाल्यावर सोफ्याखाली न घुसणं. घरात तासभर एकटं राहणं. बेल वाजली की धडपडून दारावर न जाणं. कुत्रा परत येतो ना फॉस्टरकडे, म्हणजे घर मिळेपर्यंत सांभाळणाऱ्या माझ्यासारखीकडे, तो शेकहँड येत नाही म्हणून कधीच येत नाही, तो असल्याच गोष्टींवरून येतो, घरात शू करतो, एकटा ठेवला की रडतो, पाहुण्यांवर धावून जातो.

कुकरसाठी फोनवर शिट्टी रेकॉर्ड केली. अगदी बारीक आवाजात लावायची, आणि शिट्टी झाल्यावर लगेच चिकन. क्रम महत्त्वाचा. आधी चिकन दाखवून मग शिट्टी दिली तर उलटंच होतं, चिकन दिसलं की तिला वाटणार आता काहीतरी भयंकर होणार. शाळेत पावलोव्हची घंटा पाठ केली होती तीच ही, फक्त आमच्याकडे डाळ शिजते. आता शिट्टी झाली की माझ्या तोंडाकडे बघते, खाऊ कुठाय.

एका बाबतीत मात्र माझं सगळ्यांशी भांडण होतं, गुरगुरली की ओरडायचं नाही. गुरगुरणं म्हणजे ती सांगतेय की बाई गं लांब हो. ते दाबून टाकलं तर सांगणं बंद होतं, भीती तशीच राहते, आणि मग लोक म्हणतात अचानक चावली. अचानक वगैरे काही नसतं. त्याआधी तिने जीभ नाकावरनं फिरवलेली असते, जांभई दिलेली असते, मान वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवलेला असतो, आणि आपण म्हणत असतो बघ कशी लाडात आलीये.

पिल्लांचं सोपं असतं, तीन ते बारा-चौदा आठवड्यांच्या काळात जे बघतील ते त्यांना नॉर्मल वाटतं, मिक्सर काय आणि ढोलताशा काय. म्हणूनच सगळ्यांना पिल्लूच हवं. चिंगी दोनेक वर्षांची असेल दातांवरून, काळी, त्यात मादी, कानाला नसबंदीची खाच. हिच्यासाठी फोन येतच नव्हते.

आता आलाय एक, शनिवारी न्यायला येतायत, नवराबायको आणि दहावीतली मुलगी. मी त्यांचं घर बघून आले, बाल्कनीला जाळी आहे. तिथले सेक्रेटरी म्हणाले सोसायटीत कुत्री चालत नाहीत, तर त्यांना ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या गाइडलाइन्स पाठवल्या, बहुमताने ठराव केला तरी पाळीव कुत्र्याला बंदी घालता येत नाही, लिफ्टसुद्धा नाकारता येत नाही. गप्प झाले. पट्ट्याचं तीनदा सांगितलंय, हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) आणि कॉलर दोन्ही, दोन्हीला दोरी, कारण घाबरलेला कुत्रा मागे सरकत नुसत्या कॉलरमधून डोकं काढतो आणि नवीन एरियात पळाला की सापडत नाही. फोन नंबरचा बिल्ला घरी पोचल्यावर नाही, इथूनच गळ्यात.

त्या घरातल्या ताई औक्षणाची तयारी करतायत म्हणे, बिल्डिंगमधली सगळी मुलं पण बोलावलीयत. म्हटलं ताई, आठवडाभर कोणी नको, एक कोपरा द्या, पाणी ठेवा, आणि तिच्याकडे बघूसुद्धा नका. त्या म्हणाल्या मग निदान आल्याआल्या आंघोळ तरी घालू ना? अहो ती साइटवरनं येत नाहीये आता, माझ्या गादीवरनं येतेय.