तुम्ही विचारलंत म्हणून: मुंबईजवळची कच्ची वाट कशी शोधायची

"मुंबईच्या आसपास गाडी कच्च्या वाटेवर न्यायची आहे, पण कायद्यात राहून. एखादं लोकेशन पाठवाल का?" नवी फोर बाय फोर घेतलेले, हिमालयनसारखी बाईक घेतलेले, सगळे हेच विचारतात. लोकेशन मी कुणालाच पाठवत नाही. एकाला पाठवलेली जागा चार ग्रुपवर फिरते, पुढच्या रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते, आणि भातखाचराला लागून गेलेली वाट तेवढं ओझं सोसत नाही. वाट शोधायची कशी, हे मात्र सविस्तर सांगतो, कारण ते एकदा जमलं की लोकेशन मागावं लागत नाही.

पहिली गोष्ट मनात पक्की करा. वाट फोनच्या नकाशात दिसते, तिचा व्हिडिओ कुणीतरी टाकलाय, चाकोऱ्या ताज्या आहेत, यातल्या कशानेही तुम्हाला तिथून जायचा हक्क मिळत नाही. इथली प्रत्येक जमीन कुणाची तरी आहे: शेतकऱ्याची, वनखात्याची, गायरान म्हणून गावाची, धरणाखाली गेलेली जलसंपदा विभागाची. आपल्याला हवी ती सार्वजनिक वाट. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० नुसार सार्वजनिक रस्ते आणि वाटा शासनाच्या मालकीच्या असतात. वाट त्यात मोडते की नाही, हे बघायची पहिली जागा म्हणजे गाव नकाशा.

मुरबाड, शहापूर, कर्जत, सुधागड, जव्हार, कुठलाही तालुका घ्या. उपग्रहाच्या चित्रात एक वाट हेरा आणि ती कुठल्या गावाच्या शिवारातून जाते ते लिहून काढा. मग महाभूनकाशाच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून त्या वाटेला लागून असलेले गट नंबर टिपा, आणि महाभूलेखवर त्या गटांचे सातबारे उघडा. सातबारात फक्त नाव बघून थांबू नका, 'इतर हक्क' हा रकाना वाचा. वाटेची नोंद असेल तर बहुधा तिथेच सापडते, आणि वनाचा शेराही तिथेच.

संकेतस्थळावरच्या नकाशात गटांच्या हद्दी ठीक दिसतात, पण जुन्या वाटांच्या तुटक रेषा बरेचदा उमटलेल्या नसतात. म्हणून तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून मूळ गाव नकाशाची नक्कल घ्या, किंवा तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, तो बघायला मागा. त्यात गाडीमार्ग दोन समांतर तुटक रेषांनी दाखवतात आणि त्याची रुंदी १६.५ ते २१ फूट धरतात. पायमार्ग एकेरी तुटक रेषेने, रुंदी ८.२५ फूट. आपल्या कामाचा गाडीमार्ग. पायमार्गावरून बाईक सहज जाते, तरी तो चालणाऱ्यांसाठीच आहे. त्यावरून शाळेची मुलं येतात, डोक्यावर मोळी घेतलेल्या बायका येतात, आणि त्यांना बाजूला व्हायला जागा नसते.

नकाशा आणि जमीन यांत फरक पडतोच. दोन्ही बाजूंच्या नांगरटीत गाडीमार्ग खाल्ला जातो, मग वापरातली वाट सरकून कुणाच्या तरी गटात शिरते. अशा वेळी नकाशातली रेषा तुमच्या बाजूची असली, तरी प्रत्यक्ष चाक त्या शेतकऱ्याच्या जमिनीवर असतं. त्याला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही.

एका ठिकाणी बरेच जाणकारही चुकतात. त्याच महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून रस्ता देतात. तो शेजारच्या खातेदाराला स्वतःच्या शेतात जाण्यासाठी असतो. ट्रॅक्टर रोज जातो, तहसीलदारांचा आदेशही आहे, म्हणून तो सगळ्यांना खुला झाला असं नाही. पाणंद रस्त्याचं तसं नसतं, तो गावाच्या वहिवाटीचा असतो. पण त्यावर पहिला मान बैलगाडीचा आणि ट्रॅक्टरचा. समोरून कुणी आलं की मागे तुम्ही घ्यायचं, अगदी दोनशे मीटर घ्यावं लागलं तरी.

वनाच्या बाबतीत मी कुणालाच सूट देत नाही. राखीव वनात विनापरवाना शिरणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. तानसा, तुंगारेश्वर, कर्नाळा, फणसाड ही अभयारण्यं आहेत, तिथे १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो. सातबारावर 'खाजगी वन' असा शेरा असेल, तर मालकाच्या तोंडी परवानगीवर विसंबू नका, आधी वनखात्याकडे विचारा. कागद हाताशी नसेल तर जमीनच सांगते. दगड रचून चुन्याने रंगवलेले हद्दीचे बुरूज, उताराला आडवे खणलेले सलग समतल चर, त्यांच्या कडेने ओळीत लावलेली रोपं, यातलं काहीही दिसलं की थांबा आणि आल्या वाटेने परत फिरा. चराच्या भरावावरून एक गाडी गेली की भराव बसतो, आणि पहिल्याच मोठ्या सरीत चर तिथून फुटतो.

धरणाचं पाणी ओसरलं की उघडी पडणारी सपाट जमीन मोकळं मैदान वाटते. तिच्यातली काही गाळपेर म्हणून शेतकऱ्यांना एका हंगामापुरती कसायला दिलेली असते. भातसा, तानसा, वैतरणेच्या काठावर चिखलात गाडी खेळवणाऱ्यांनी एवढं तरी आठवावं, की त्याच पाण्यावर आपली मुंबई जगते. समुद्रकिनाराही नको. दिवेआगर, हरिहरेश्वर, वेळास इथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला येतात, आणि चाकाने वाळू दबली की पिल्लांना वर येता येत नाही. कातळसड्यांवर माती जेमतेम बोटभर असते. ती एकदा निघाली की तिथली रानफुलं पुन्हा उगवत नाहीत.

कागद झाले, आता गाव. गाडी गावाबाहेर लावून चालत जा. सरपंच किंवा पोलीस पाटील भेटले तर उत्तम, नाहीतर पारावर बसलेल्या बुजुर्गांना विचारा. "काका, हा रस्ता जातो का?" असं विचारलंत तर "जातो ना" हेच उत्तर येईल, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर ट्रॅक्टर असतो. प्रश्न नेमके हवेत. चारचाकी शेवटची कधी गेली होती? वाट कुणाच्या गटातून जाते? ओढ्यात आत्ता पाणी किती? पुढे गाडी वळवायला जागा आहे का? या शेवटच्या प्रश्नावर बरंच अवलंबून असतं, कारण अरुंद वाटेवर वळायला जागा नसली की माणूस बांधावर चाक चढवतो. खाचराचा बांध पाणी धरून ठेवण्यासाठी असतो. तो एका जागी दबला तरी आवणीच्या, म्हणजे भाताची रोपं लावायच्या, वेळी पाणी तिथून निघून जातं.

हंगाम दिवाळीनंतरचा. भात निघालेलं असतं, मुरूम घट्ट बसलेला असतो. वाल-हरभऱ्याची शेतं मात्र उभी असतात, तेव्हा वाट सोडायची नाही. पावसाळ्यात कच्च्या वाटेवर जाऊच नये असं माझं ठाम मत आहे. ओल्या मातीत चाकोरी पडते, उतारावरचं पाणी तिच्यातून धावतं, आणि टीचभर खोल खुणेचा दोन महिन्यांत ओहोळ होतो. मग बैलगाडीही जात नाही. कोरड्या दिवसांतसुद्धा बुटाची टाच जोर दिल्यावर सहज रुतत असेल तर तिथूनच परत फिरा. तीन-चारपेक्षा जास्त गाड्या नकोत, आणि एकट्या गाडीने मुळीच जाऊ नका.

टायरमधली हवा कमी केली की पकड वाढते आणि वाटही कमी उखडते, कारण चाक जागच्या जागी फिरत नाही. दारावरच्या स्टिकरवर ३० पीएसआय असेल तर मुरमावर २४-२५ पुरे. आपल्याकडचा काळा दगड धारेचा असतो. हवा फार उतरवली तर टायरची बाजू फुगून बाहेर येते आणि दगडाला लागून चिरते. १८ च्या खाली तर वळणावर टायर रिमवरून सुटायची भीती. ट्यूबच्या बाईकला आणखी जपायला हवं, कारण रिम आणि दगडाच्या मध्ये ट्यूब चिमटते. बारा व्होल्टचा कंप्रेसर थेट बॅटरीला लावता येणारा घ्या, लायटरच्या सॉकेटवर मोठा कंप्रेसर चालवला की फ्यूज उडतो.

चढाला लागण्याआधी फोर लो, म्हणजे चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर, टाका, चढावर मध्येच नाही. उतारावर फोर लो, पहिला गिअर, ब्रेकवर कमीत कमी पाय. ओढा आला की आधी काठी घेऊन स्वतः पायी पार करा. पाणी चाकाच्या मध्यावर जात असेल तर माघार. थारची पाण्यातून जायची मर्यादा कंपनी ६५० मिमी सांगते, पण तो आकडा संथ पाण्याचा, ओढीचा नाही. इंजिनात पाणी ओढलं गेलं तर साध्या पॉलिसीत ते नुकसान भरून मिळत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. आणि सार्वजनिक वाट कच्ची असली तरी मोटार वाहन कायद्यात ती सार्वजनिक जागाच. लायसन्स, विमा, हेल्मेट सगळं तसंच लागू.

अडकलेली गाडी दुसऱ्या गाडीने ओढून काढताना पट्टा फक्त चासीच्या टो हुकला लावा. टो बॉलला, म्हणजे मागे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला, कधीच नाही, तो तुटला तर गोळीसारखा येतो. पट्ट्यावर मध्यभागी जाड पोतं टाका, म्हणजे तुटलाच तर उसळणार नाही, आणि बाकी सगळ्यांना पट्ट्याच्या दीड लांबीपलीकडे उभं करा.

जानेवारीनंतर गवताची काळजी घ्या. सुकलेलं गवत एक्झॉस्टला अडकून पेटतं, आणि बीएस सिक्स डिझेल गाडीचा काजळी अडवणारा फिल्टर स्वतःला साफ करताना एक्झॉस्ट भयंकर तापतो. गाडी गवतावर उभी करू नका. दर थांब्याला वाकून खालून बघा, अडकलेलं गवत काठीने काढा, आणि सोबत पाच लिटर पाणी ठेवा. वणव्यात जळणारी करवंदं आणि जांभळं त्या गावच्या पोरांची कमाई असते.

डांबर लागलं की पार्ट टाइम फोर व्हील ड्राइव्ह काढा, नाहीतर वळणावर पुढच्या-मागच्या चाकांना जोडणाऱ्या यंत्रणेवर ताण येतो. हवा भरून मगच वेग घ्या. गाडी ओढ्यात धुऊ नका. चाकांच्या कमानीतल्या चिखलात गाजरगवताचं आणि रानमोडीचं बी असतं, ते पुढच्या गावात जाऊन पडतं. म्हणून घरी किंवा सर्व्हिस सेंटरला खालून नीट धुऊन घ्या, आणि पुढच्या वाटेवर स्वच्छ चाकांनी जा.